बॅच गप्प का बसते? वॉर्डातल्या छोट्या गटातलं शिकणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विट्याची एक मुलगी सांगली जिल्ह्यात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात पेशंटपाशी शिकायच्या पाळ्या, सुरू झाल्या आहेत. रोल नंबरप्रमाणे चौदा जणांची बॅच पडली आहे. केस घ्यायला रोज तेच दोघं-तिघं पुढे असतात आणि बाकीचे मागून उतरवून घेतात. ती लिहिते, "मॅडम, रूमवर एकटी वाचते तेव्हा मला जास्त समजतं. मग बॅचमध्ये तासन्‌तास उभं राहायचं कशाला? आणि आमच्यात एक मुलगा आहे, तो कधीच काही बोलत नाही. त्याचं काय करायचं?"

एकटीने वाचणं अजिबात सोडू नकोस. ते सोडून कुणी डॉक्टर होत नाही. पण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट न सांगता आली आहे, ती आधी बोलते. तुझ्या बॅचला अजून गट म्हणता येणार नाही. आडनावांच्या अक्षरांवरून एका कॉटभोवती उभी केलेली ती चौदा माणसं आहेत. मिरज-सांगलीकडे तेवीस वर्षं मेडिसिन शिकवतेय. दर वर्षी पाहते की एकाच वॉर्डात, एकाच युनिटखाली, तेच पेशंट बघून एक बॅच तयार होऊन बाहेर पडते आणि दुसरी नुसती हजेरी लावून. दोन्हीकडे हुशार मुलं सारखीच असतात. फरक पडतो तो त्या चौदा जणांचं आपसात काय चाललंय यामुळे.

उद्या वॉर्डात गेलीस की कोण कुठे उभं राहतं ते बघ. आपण पेशंट उजव्या बाजूने तपासतो. कॉटच्या उजव्या अंगाला, सलाइनचा स्टँड आणि लॉकर यांच्या मध्ये जेमतेम तीन माणसं मावतात. पहिल्या दिवशी तिथे कोण उभं राहील हा निव्वळ योगायोग असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या जागा ठरून जातात. उजवीकडचे तिघं पोट चाचपतात, स्टेथो लावतात, सरांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. डावीकडच्यांना निदान दिसतं तरी. पायथ्याशी उभे असलेल्यांना पुढच्यांच्या ॲप्रनच्या पाठी दिसतात. महिना संपतो तेव्हा तिघांच्या बोटांना लिव्हरची कड कळलेली असते आणि बाकीच्यांकडे ती जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेली असते. त्यातही लिहायचं काम मुलींकडे आणि तपासायचं मुलांकडे, ही वाटणी कुणी न ठरवता होते. सर्जरीच्या पोस्टिंगला तर हमखास. तुझ्या बॅचमध्ये असं झालं असेल तर आजच मोड.

मागे उभे राहिलेले आळशी असतात असं मला वाटत नाही. रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच शेती-अभियंत्याने दोर ओढायला लावून माणसांचा जोर मोजला होता. त्याचे आकडे १९१३ मध्ये छापून आले. आठ जणांनी मिळून दोर ओढला तेव्हा एकेकाचा जोर तो एकटा ओढताना लागायचा त्याच्या निम्म्यावर आला होता. काही जोर एकमेकांच्या तालात न ओढल्यामुळे वाया गेला, पण सगळा नाही. पुढे १९७९ मध्ये लटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच पाहिलं. आपला आवाज वेगळा मोजला जाणार आहे असं कळलं की माणसं पुन्हा पूर्ण जोर लावतात, हेही नंतरच्या प्रयोगात दिसलं. चौदा जणांच्या बॅचमध्ये तुझा आवाज वेगळा मोजला जात नाही. म्हणून माझा पहिला आग्रह असतो की कॉटवर एका वेळी चार-पाचच जण. पेशंट तीन घ्या, बॅचचे तुकडे करा, आणि मग एकत्र येऊन एकमेकांना सांगा. रेसिडेंटला, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला, नीट विचारलंत तर तो नाही म्हणत नाही. गर्दी कमी झालेली त्यालाही हवीच असते.

आता तुझ्या त्या न बोलणाऱ्या मुलाकडे जायच्या आधी दुसऱ्या एका मुलाची गोष्ट सांगते.

मी एक केस कागदावर देते. ऊसतोड मजूर, वय १९. रात्री फडाजवळच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) झोपला. पहाटे चारला पोटात जोराची कळ, दोन उलट्या. सकाळी सहाला पापण्या जड, बोलणं जडावलं, थुंकी गिळता येईना. ताप नाही. अंगावर जखम नाही, सूज नाही, कसलीही खूण नाही. काही वर्षांपूर्वी एका बॅचला हा कागद दिला. बोलायच्या आधी तीन मिनिटं प्रत्येकाने आपापलं लिहायचं आणि कागद घडी करून माझ्याकडे द्यायचा, असा माझा नियम आहे. मग चर्चा सुरू झाली. बॅचमधल्या टॉपरने पहिल्याच वाक्यात "गिलन-बारे" हा नसांचा आजार म्हटला. दुसऱ्याने मायस्थेनिया, हा स्नायू लुळे पाडणारा आजार, काढला. एकीने द्राक्षबागेच्या फवारणीचं विष म्हटलं. तिचा विचार चांगला होता, पण डोळ्यांच्या बाहुल्यांचं काय, घामाचं काय, हे विचारायच्या आधीच पहिले दोघं तिच्यावर तुटून पडले. पंचवीस मिनिटं हे चाललं. शेवटी मी कागद उघडले. एका कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "भुईला झोपला असेल. मण्यार."

तो मुलगा जत तालुक्यातला. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जायचे आणि लहानपणी तोही कोपीत झोपला होता. मी विचारलं, "बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "मॅडम, सगळे नर्व्हचं बोलत होते. मला वाटलं, माझं गावठी असेल."

मण्यारचे दात बारीक असतात. चावल्याचं बऱ्याचदा दुखतही नाही, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. पहाटे पोटात कळ येते आणि मग पापण्या पडायला लागतात. विष नसेच्या टोकाशी बसून स्नायूंकडे जाणारा निरोप तोडतं. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अँटीस्नेक व्हेनम द्यावंच लागतं, पण श्वास गेला तर जीव वाचतो तो व्हेंटिलेटरवर. मग वर्गात गेलेली पंचवीस मिनिटं कॅज्युअल्टीत गेली असती तर काय, हे त्या बॅचला मला वेगळं सांगावं लागलं नाही.

स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हेच मांडून ठेवलंय. गट जमतो तेव्हा जी माहिती सगळ्यांकडे असते तिच्याबद्दलच तो बोलत बसतो. एकट्याकडे असलेली माहिती त्याच्या खिशातच राहते. आपण समजतो की चौदा डोकी एकत्र आली म्हणजे चौदा जणांचं ज्ञान एकत्र आलं. बहुतेक वेळा टेबलावर येतं ते सगळ्यांनी वाचलेल्या एकाच पुस्तकातलं तेच पान. तुझा सवाल होता की बॅचमध्ये उभं कशाला राहायचं. रूमवरच्या पुस्तकात कोपी नाही, म्हणून राहायचं. पण तुमच्या बॅचमध्ये ती कोपी कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडेल असं वातावरण असेल तरच त्या उभं राहण्याला अर्थ आहे. तीन मिनिटं गप्प राहून आधी लिहिण्याचा नियम तुम्ही स्वतःच लावून घेऊ शकता. त्यासाठी मॅडम लागत नाहीत.

भाषेचा भाग आपल्याकडे फार मोठा आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. पेशंट बोलतो मराठीत. जत-मिरजेच्या कडेचा असेल तर कानडीत. केस मांडायची इंग्रजीत. ऑल इंडिया कोट्यातल्या पंधरा टक्क्यांमधली मुलं राजस्थानातून, केरळमधून आलेली असतात, त्यांना सुरुवातीला दोन्हीकडची कसरत करावी लागते. मग बॅचमध्ये एक दुभाषा ठरतो. तो हिस्ट्री (पेशंटच्या आजाराची हकीकत) घेतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. एकदा कवठेमहांकाळकडच्या एक आजी म्हणाल्या, "छातीत धडधडतंय आन्‌ जीव घाबरा होतोय बघ." दुभाष्या मुलाने घाईघाईत सांगितलं, "अँक्झायटी." तिघांनी तेच लिहून घेतलं. धडधड गेली कुठे? मी आजींच्या मनगटावर बोटं ठेवायला लावली. नाडी सगळी वेडीवाकडी, कशाचा कशाला मेळ नाही. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार, निघालं. आपल्याकडे "जीव घाबरा होणं" म्हणजे धडधड असते, धाप असते, घेरी असते, कधी नुसती भीतीही असते. कुठलं ते विचारावं लागतं. त्यामुळे दुभाष्याने पेशंटचे शब्द जसेच्या तसे सांगायचे, अर्थ लावायचा नाही, आणि अर्थ सगळ्यांनी मिळून लावायचा. बाहेरून आलेल्या मुलाने रोज दोन वाक्यं स्वतः मराठीत विचारायची, मोडकी असली तरी. पेशंट हसतात आणि जास्त मोकळं बोलतात.

उलटंही होतं. गावच्या शाळेतून आलेली मुलगी कॉटवर अर्धा तास इतकी सुरेख हिस्ट्री घेते की पेशंट तिला घरचं सगळं सांगतो. सर आले की तीच मुलगी गप्प, आणि तिच्याच वहीत बघून दुसरा कुणी इंग्रजीत केस मांडतो. शाबासकी त्याला मिळते. हे चार वेळा घडलं की ती मुलगी हिस्ट्री घेणंच सोडते. फॅमिली ॲडॉप्शनला, म्हणजे प्रत्येकाने गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांची तब्येत बघायच्या कार्यक्रमाला, गावात गेलं की चित्र पालटतं. तिथे तीच पुढे असते, चुलीपाशी बसून बायकांशी बोलते, आणि टॉपर उंबऱ्यात वही घेऊन उभा असतो. तुमच्या बॅचने ते एकदा डोळे उघडून बघावं आणि वॉर्डात परत आल्यावर लक्षात ठेवावं.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण गट गप्प बसतो तेव्हा बऱ्याचदा त्याला शिक्षकानेच गप्प केलेलं असतं. शिकवायला लागून चार-पाच वर्षं झाली होती. कुठल्या कॉलेजात ते महत्त्वाचं नाही. एका मुलीने मर्मर, म्हणजे हृदयातला जादा आवाज, सिस्टॉलिकऐवजी (हृदय आकुंचन पावतानाच्याऐवजी) डायस्टॉलिक (सैल पडतानाचा) सांगितला. मी पेशंटसमोर, सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "आधी कान तपासून घे." ती पुढे महिनाभर माझ्या राउंडला बोलली नाही. त्याहून वाईट म्हणजे तिचं बघून बॅचच बदलली. मी विचारायचे, "ऐकू आला?" सगळे म्हणायचे, "हो मॅडम." एके दिवशी संशय आला म्हणून ज्याच्या हृदयात कसलाही जादा आवाज नव्हता अशा पेशंटकडे नेलं आणि तोच प्रश्न विचारला. अकरापैकी नऊ जणांना मर्मर ऐकू आला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी त्यांना खोटं ऐकायला शिकवलं होतं.

ॲशने १९५१ मध्ये दाखवलेलं मी पुस्तकात वाचलं होतं. साध्या रेघांची लांबी सांगायची असते. आजूबाजूचे सगळे ठरवून चुकीचं सांगतात, आणि साधारण एकतृतीयांश वेळा चांगला डोळस माणूसही त्यांच्या सुरात सूर मिसळतो. त्याच कामातली दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी वाटते. त्या घोळक्यात एक जरी माणूस खरं बोलला तर बाकीच्याची जीभ सुटते. तो एक माणूस तू हो. पुढच्या वेळी सगळे "हो सर" म्हणतील तेव्हा म्हण, "सर, मला नाही ऐकू आला, एकदा परत दाखवाल?" तुझ्यामागे चार जण स्टेथो कानाला लावतील. ते आधीपासून थांबलेलेच असतात.

माझ्या त्या बॅचची मी माफी मागितली, पेशंटच्या कॉटपाशीच, कारण अपमान तिथे झाला होता. तेव्हापासून माझ्या राउंडला पहिली चूक मी माझी सांगते. आमच्या क्षेत्रात याला फार मोल आहे. ॲमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील. नोंदी बघितल्या तर चांगल्या टीममध्ये चुका जास्त निघाल्या. कारण तिथे सिस्टर, रेसिडेंट उघडपणे सांगत होते की आज डोस चुकला. वाईट टीममध्ये चुका होत होत्या आणि उशीखाली जात होत्या. तुम्ही आज बॅचमध्ये जे शिकाल तेच उद्या रात्री दोनला कॅज्युअल्टीत कराल. "मला कळलं नाही" म्हणायची सवय इंटर्नशिपमध्ये अचानक लागत नाही.

पुढे पुढे करणाऱ्या मुलांबद्दल तू जरा चिडून लिहिलंयस. मला त्यांची काळजी वाटते. ती मुलं रोज बोलतात म्हणून त्यांना कुणी दुरुस्त करत नाही आणि परीक्षेत लाँग केसला बाहेरचे परीक्षक भेटेपर्यंत आपलं कुठे चुकतंय ते त्यांना कळत नाही. भांडू नका त्यांच्याशी. पाळी लावा. आज हिस्ट्री ज्याने घेतली त्याने उद्या तपासायचं, परवा मांडायचं, तेरवा फक्त ऐकायचं आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा. ऐकायचा दिवस पुढारी मुलांना सगळ्यात जड जातो आणि त्यांच्या सगळ्यात कामाला येतो.

थोडी भांडणं होतील, होऊ देत. टकमनने १९६५ मध्ये गटाच्या वाढीच्या पायऱ्या सांगितल्या: आधी जमणं, मग खटके उडणं, मग रीत बसणं, मग काम. स्लाइडवर ते फार सरळ दिसतं. आपल्याकडे पोस्टिंग चार आठवड्यांची, शिक्षक महिन्याने बदलतो, त्यामुळे प्रत्येक नव्या युनिटला बॅच पहिल्या पायरीवर आहे असंच वाटतं. पण बॅच तीच असते, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. शिक्षक येतात-जातात, रीत तुमच्याबरोबर चालत राहते. म्हणून ती तुम्हीच बसवायची. २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला, छोट्या गटातल्या चर्चा आल्या, लॉगबुक आलं. ते चांगलंच झालं. पण लॉगबुकात सही होते ती चर्चा झाल्याची. चर्चेत कोण गप्प होतं याला तिथे रकाना नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. तेव्हा आमचे काही इंटर्न पूरग्रस्तांच्या छावणीत होते. सहा जणांचा गट, आदल्या महिन्यापर्यंत एकमेकांशी धड न बोलणारा. शाळेच्या खोल्यांमध्ये शेकड्याने माणसं, कुणाची बीपीची गोळी वाहून गेलेली, कुणाचं इन्सुलिन. पहिल्या दोन तासांत कुणाला काय जमतं ते त्यांनीच ओळखलं. शुगर कोण बघणार, पुरातून चालून आलेल्यांना लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन कोण देणार, रडणाऱ्या म्हातारीपाशी कोण बसणार. संध्याकाळी दमून बसले की आज काय राहिलं यावर दहा मिनिटं बोलायचे. ती दहा मिनिटं मी त्यांना शिकवलेली नव्हती. ती त्यांच्याकडून मी उचलली आणि आता प्रत्येक बॅचला देते. राउंड संपला की कॅन्टीनमध्ये चहा-भडंगावर दहा मिनिटं, आज आपल्याला काय कळलं नाही एवढंच बोलायचं.

राहिला तुमचा न बोलणारा मुलगा. तक्रार करू नका आणि सगळ्यांसमोर "तू पण बोल ना" असंही म्हणू नका. त्याने तो आणखी आत जातो. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत एकदा निवांत बसून बघ. कारखान्यात नवा आलेला पोरगा महिनोन्‌महिने भोपळा घासतो, पॉलिश मारतो, खुंट्या बसवतो. जवारी काढायचं, म्हणजे तारेखालची घोडी घासून आवाज नेमका जुळवायचं, नाजूक काम त्याच्या हाती फार उशिरा येतं. पण तो तिथेच बसलेला असतो, जाणत्याचा हात आणि तारेचा आवाज रोज त्याच्या कानाडोळ्यांवरून जात असतो. लेव्ह आणि वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकण्याबद्दल जे लिहिलं ते बरंचसं असंच आहे. माणूस कडेने आत येतो, आणि कडेलाही त्याच्या हातात खरं काम असावं लागतं. तुमच्या मुलाच्या हातात काय आहे? नुसती वही असेल तर तो कडेलाच राहील.

त्याला एक छोटं, खरं काम दे. रोज सकाळी राउंडच्या आधी एका पेशंटची नाडी, बीपी आणि श्वासाचा वेग त्याने घ्यायचा, आणि केस मांडताना त्या तीन आकड्यांपाशी आलात की थांबून त्याच्याकडे बघायचं. आकडे सांगताना इंग्रजीची भीती नसते आणि वादही नसतो. पंधरा दिवसांनी त्याला विचार, काल श्वास २४ होता आणि आज ३२, का वाढला असेल? एकट्याला विचार, जिन्यात, चालता चालता. त्याने सांगितलेलं चुकलं तर तिथेच दोघं मिळून बघा. बरोबर निघालं तर दुसऱ्या दिवशी राउंडला तूच म्हण, "सर, याला एक सांगायचंय," आणि उजव्या बाजूची तुझी जागा त्याला दे.